समुद्राशी अबोला

त्या घरात समुद्राचं नाव काढायची सोय नव्हती. कॅलेंडरच्या एखाद्या पानावर लाटा-होड्यांचं चित्र आलं, तर ते पान आधीच फाडून बंबात गेलेलं असे आणि तो महिना सगळे अंदाजाने काढत. टीव्हीवर निळं पाणी दिसलं की चॅनेल बदलायचं. कुणी पोरांना शिंपला दिला तर तो दाराबाहेर टाकून, हात धुऊन आत यायचं. मासा खायचा तर नदीचा, नाहीतर नाहीच. मीठ तेवढं सगळे खायचे. ते कुठून येतं हे त्या घरात कुणी कुणाला विचारत नसे.

हा नियम आत्याच्या आईचा. आत्या म्हणजे गल्लीतली शिवणवाली. भाच्याने आत्या म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता गिऱ्हाइकांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांची ती आत्याच झाली. तिचा बाप डोंगरापलीकडच्या एका बंदराच्या गावात मासे धरायचा. ती लहान असताना एका सकाळी तो होडी घेऊन गेला. होडी पुढे सापडली, पालथी. बाप सापडला नाही. आई काही दिवस धक्क्यावर बसून राहिली, आणि मग एकदा जी उठली ती दोन पोरांचे हात धरून, पाठीवर बोचकं टाकून थेट डोंगर चढायला लागली. घाटमाथ्यावर पोरांनी मागे वळून बघितलं तर तिने दोघांच्या माना धरून पुढे फिरवल्या.

"तो आपल्याशी जसा वागला तसं आपण त्याच्याशी वागायचं," ती म्हणाली. "आजपासून त्याचं तोंड बघायचं नाही."

जसा काही समुद्र हा कुणी जमीन लाटलेला चुलतभाऊ होता.

आईच्या अंगात जोर होता तोवर तिने लोकांची धुणी धुतली. मिसरूड फुटायच्या आत आत्याचा थोरला भाऊ, दादा, सायकलच्या दुकानात लागला. पंक्चर काढून काढून त्याच्या बोटांची नखं कायमची काळी झाली, पण बहिणीला त्याने कधी उपाशी झोपू दिलं नाही, आणि तिला शिवण शिकायचंय म्हटल्यावर जुनी शिलाई मशीन कुठून तरी उचलून आणून, स्वतः तेलपाणी करून दिली. हे आत्या कधी विसरली नाही. म्हणूनच आई गेल्यावर तो नियम दादाने सांभाळायला घेतला तेव्हा ती काही बोलली नाही. दादाने ज्या गोष्टीत लक्ष घातलं त्या गोष्टीचा एकही नट सैल राहत नसे.

एरवी न बोलणाऱ्यांतली ती नव्हे. घराच्या पुढच्या खोलीत तिची मशीन, भिंतीला लावलेलं कापायचं टेबल, खिळ्यांवर लटकवलेले अर्धवट कपडे. तोंडात टाचण्या धरूनही ती बोलू शकायची. लग्न केलं नाही. का केलं नाही असं मापं देताना कुणी विचारलं, तर त्या बाईला नेमकी तेव्हाच एक टाचणी टोचायची. गल्लीत म्हणत, आत्याची कात्री बरी, जीभ नको. पण समुद्राच्या बाबतीत ती जीभ टाळ्याला चिकटलेली. ओळखीच्या बाया सहलीला समुद्रावर निघाल्या की ही म्हणायची, "मला शिवणं उरकायचीत." दरवेळी तेच. तिला कधी वाटलंही नाही की आपण खोटं बोलतोय.

मग नातीची सहल आली.

दादाचा मुलगा आणि सून परगावी नोकरीला, त्यामुळे नात दादा आणि वहिनीकडेच वाढलेली. कॉलेजात जायची. हुशार, आणि तिखट, म्हणून घरात तिला मिरची म्हणत. कॉलेजची सहल त्याच बंदराच्या गावी निघाली होती. मिरचीने जेवताना विचारलं. दादाने घास खाली ठेवला आणि म्हणाला, "नाही." पोरगी भांडली, रडली, ताटावरून उठली. दादा पुन्हा जेवायला लागला.

आत्या समोरच बसली होती. रडणारी पोरगी तिने याआधीही पाहिली होती. अशाच एका सहलीवरून दादाचा मुलगा लहानपणी रडला होता आणि तिने त्याला नवा शर्ट शिवून गप्प केलं होतं. या वेळी तिच्या तोंडात टाचणी नव्हती.

"दादा, कशासाठी नाही?"

"तुला माहीत नाही?"

"मला माहीत आहे. तिला काय माहीत? तिने त्याचं काय घोडं मारलंय?"

"आईचा शब्द आहे."

"आईने शब्द आपल्याकडून घेतला होता. तेव्हा जन्मालाही न आलेल्या नातवंडा-पतवंडांकडून नाही." आत्याचा आवाज चढला. "उद्या मी जाऊन येते. एकटी. त्याने मला गिळलं तर तुझा नियम खरा. परत आले, तर पोरगी सहलीला जाणार."

वहिनीच्या हातातली पळी तशीच राहिली. दादाने बहिणीकडे पाहिलं. "गेलीस तर परत या घरात..." एवढं म्हणून तो थांबला, कारण पुढचं वाक्य त्याला स्वतःलाच पेलणारं नव्हतं. मग तो हात धुवायला उठला.

सकाळी आत्याने पुढच्या खोलीला कडी घातली आणि दारावर खडूने लिहिलं, 'आज बंद'. गल्लीतल्या चार जणींनी विचारलं, कुठे निघालात? तिने चौघींनाही खणखणीत सांगितलं, "समुद्रावर. फिरायला." स्टँडवर बस उभी होती. ती खिडकीशी जाऊन बसली. बस सुटायच्या बेताला दारात कुणीतरी धापा टाकत चढलं. कापडी पिशवी, डोक्याला रुमाल. वहिनी.

"वहिनी! तू कुठे?"

"सरका इकडे, वन्सं. खिडकी मला द्या, मला वारा लागतो."

"दादाला सांगितलंस?"

"सांगितलं की. डाळ-भात झाकून ठेवलाय म्हणून सांगितलं. पुढचं त्यांचं ते समजतील." वहिनीने पिशवी मांडीवर घेतली. "तुमचा बाप होता, तुमची आई होती. माझं कोण बुडालं होतं? लग्न करून आले आणि फुकट समुद्र गेला माझा."

बस घाट उतरायला लागली. एका वळणावर झाडी फाटली आणि लांब खाली एक चकचकीत पट्टा दिसला. सगळी बस तिकडे वळली. आत्याची मान आपोआप दुसरीकडे गेली. मग तिच्या लक्षात आलं की ही मान आपण नाही वळवली, आईने वळवली. तिने ती हाताने हनुवटी धरल्यासारखी परत फिरवली आणि डोळे फाडून बघत राहिली, पुढच्या वळणापर्यंत.

गावात उतरल्याबरोबर वास आला. मासळीचा, डिझेलचा, ओल्या दोराचा. वहिनीने नाकाला रुमाल लावला आणि पाच मिनिटांत काढून टाकला. धक्क्यावर होड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या, जशा नळावर बाया. बर्फाचे तुकडे करणारं यंत्र खडखडत होतं, त्याच्या तोंडाशी माणसं फावड्याने टोपल्या भरत होती. भिंतीच्या सावलीत दोन म्हातारे पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून फाटलेला भाग विणत होते. आत्या तिथे बराच वेळ थांबली. गाठ कशी मारतात ते तिने धंद्याच्या नजरेने बघून घेतलं.

"घाई नाही ना आपल्याला?" वहिनीने विचारलं.

"कसली घाई? मी दिवस घालवायला आलेय, रडायला नाही."

आणि त्यांनी खरंच दिवस घालवला. एका टपरीवर चहा घेतला, आवडला म्हणून पुन्हा घेतला. उंच-सखल गल्ल्यांतून फिरल्या. घरं बुटकी, रंग उडालेले, दारांपुढे वाळत टाकलेले कपडे. त्यातला एक झगा उलटा शिवलेला आहे असं आत्याने जाता जाता सांगितलं. वहिनीने हळूच विचारलं, "तुमचं घर कुठलं होतं?"

आत्याने गल्लीभर नजर फिरवली. "आठवत नाही."

तिला खरंच काही आठवत नव्हतं. बापाचा चेहराही नाही. आठवत होत्या फक्त त्याच्या भेगाळलेल्या टाचा, तिच्या पुढे पायऱ्या उतरत जाणाऱ्या. पायऱ्या तर या गावात जिकडेतिकडे होत्या. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटला तो संताप. एवढा मोठा समुद्र त्यांनी घराबाहेर काढला, आणि त्याच्याबरोबर बापही बाहेर गेला. त्याचा आवाज, त्याची चेष्टा, त्याची खाण्यापिण्यातली आवड, कुणी कधी एक शब्द बोललं नाही. होडी म्हटलं की समुद्र येणार, समुद्र आला की आई उठून जाणार. म्हणून बापाचंही नाव बंद.

मासळीच्या ओट्यावर एक जाडजूड विक्रेतीण सुरीला धार लावत होती. या दोघींना रेंगाळताना बघून ती म्हणाली, "कुणाकडे आलात, मावशी?"

"कुणाकडे नाही. समुद्राकडे."

"मग त्याला भेटलात की नाही? की नुसत्या दारावरनंच बघताय?"

आत्याने वहिनीचा हात धरला आणि तिला पुढे ओढलं.

दुपारी त्या एका खानावळीत बसल्या. पाण्यावर उघडणारी खिडकी, मेणकापडाची टेबलं. आत्याने तळलेला मासा मागवला, समुद्राचा, आणि घास तोंडापाशी नेऊन क्षणभर थांबली. वहिनीने मात्र सराईतपणे काटा काढला, शेपटीकडून सुरुवात केली आणि निम्मा मासा फस्त केला.

"वहिनी, तुला कसं जमतं गं एवढं झरझर?"

वहिनी हसायला लागली. "वन्सं, मी माहेरी काय खात होते इतकी वर्षं असं वाटलं तुम्हाला? दर खेपेला कोलंबी. निघताना दोनदा चूळ भरायची आणि वर बडीशेप. यांना वाटायचं, माहेरची बडीशेप लई आवडते मला."

आत्या इतकी हसली की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मग तिनेही घास घेतला. चांगला होता. तिला तो चांगला लागल्याचाही जरा रागच आला.

खानावळीखालीच पायऱ्यांशी एक होडीवाला हिंडायला आलेल्यांना बंदराच्या भिंतीबाहेर फेरी मारून आणत होता. आत्या थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याने या दोघींकडे आपादमस्तक पाहिलं.

"आजी, तुम्ही इथूनच बघा. छान दिसतं इथून."

"इथून बघायला मी काय चित्र बघायला आलेय?"

"भिंतीबाहेर पाणी हलतं. म्हाताऱ्या माणसांबरोबर कुणीतरी लागतं आम्हाला. घरचं कुणी आहे का?"

"ही काय," वहिनी पुढे आली. "ही माझी नणंद. माझ्यापेक्षा लहान आहे. मी हिच्याबरोबर आहे आणि ही माझ्याबरोबर. झालं की घरचं माणूस दोघींना."

होडीत बसलेली माणसं हसली. होडीवाला कानामागे खाजवत म्हणाला, "काही झालं तर माझ्या गळ्यात येईल, आजी."

आत्याने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "हे बघ, बाबा. माझा बाप याच पाण्यात गेला. त्यानंतर मी एकदाही त्यात पाय घातलेला नाही, आणि आता मला कुणाची परवानगी मागायची नाहीये. ना माझ्या भावाची, ना तुझी. हात देतोस की मी अशीच उडी मारू?"

मग त्याने हात पुढे केला, आणि नुसता हात नाही तर दुसऱ्या हाताने कोपराला आधारही दिला. दोघींना मधल्या फळीवर बसवून त्याने इंजिन सुरू केलं.

भिंत ओलांडली आणि पाणी खरोखर हललं. होडी वर गेली आणि खालून काढून घेतल्यासारखी खाली आली. आत्याने फळी दोन्ही हातांनी धरली. तिला भीती वाटली. खोटं कशाला बोला, पोटातून वाटली. समोर कुठेही काठ नव्हता. एवढं मोठं, एवढं उघडं काही तिने कळत्या वयात पाहिलं नव्हतं. तिचं जग म्हणजे सुईचं टोक आणि त्यापुढे वीतभर कापड. या अफाट पसाऱ्यात एक माणूस शोधायचा तर कुठून सुरुवात करणार, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आई धक्क्यावर बसून कुठे बघत असेल तेही कळलं.

वहिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "वळवू या का परत?"

"नाही."

पुढची लाट मोठी होती. आत्या एकाएकी उठली, काठावर वाकली आणि दुपारचं सगळं खाल्लेलं समुद्रात गेलं. होडीवाल्याने मागून तिचा खांदा पकडला. ती काही वेळ तशीच वाकून राहिली. मग तोंड पुसलं, पाण्याकडे बघितलं आणि म्हणाली,

"घे मेल्या. तुझं तुला परत."

वहिनीला हसू आवरेना. तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. दादा होता. इंजिनच्या आवाजात वहिनीला ओरडावं लागलं. "काय? ऐकू येत नाही! हो, समुद्रात! होडीत! हो, दोघी! डाळ गरम करून घ्या, लोणचं फळीवर आहे!" आणि तिने फोन बंद करून पिशवीत टाकला. लग्नानंतर तिने नवऱ्याचं बोलणं पहिल्यांदाच मध्ये तोडलं असावं. तिचा चेहरा तरी तसं सांगत होता.

उतरल्यावर त्या परत निघाल्या नाहीत. चपला हातात घेऊन वाळूवर गेल्या आणि पाण्यात उभ्या राहिल्या. पायाखालची वाळू सरकली की वहिनी चीत्कारायची आणि आत्या तिला धरून ठेवायची. शेवटची बस चुकणार म्हणून धावत सुटल्या, तेव्हा पाय धुवायलाही थांबल्या नाहीत.

घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. दादा उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसला होता. मिरची त्याच्या मागे, दाराला धरून. त्याने दोघींना खालपासून वरपर्यंत पाहिलं. दोघी अख्ख्याच्या अख्ख्या परत आल्या होत्या.

"मागल्या दाराने जा," तो म्हणाला. "आंघोळ करा आणि मग घरात या."

जणू त्या कुणाला पोचवून आल्या होत्या. वहिनी वळलीसुद्धा. आत्याने तिचा दंड धरला.

"नाही करणार," आत्या म्हणाली. "मी कुणाच्या मयताला गेले नव्हते, दादा. फिरायला गेले होते. हे घर मीही मशीन चालवून उभं केलंय. मी पुढल्या दाराने येणार."

आणि ती आली. त्याच्या खुर्चीला वळसा घालून, मिठाने कडक झालेल्या कपड्यांनिशी. स्वच्छ पुसलेल्या फरशीवर तिच्या पावलागणिक वाळू सांडत गेली, तिच्यामागून वहिनीच्या. मिरची झाडू आणायला धावली.

"राहू दे," आत्या म्हणाली. "मी झाडीन सकाळी."

दादा रात्रभर त्या वाळूवरून गेला-आला असणार, पण त्याने ती झाडली नाही.

मात्र त्याने बहिणीशी बोलणं टाकलं. इतकी वर्षं समुद्राशी धरलेला अबोला तो आता तिच्याशी पाळायला लागला. चहा हवा असला की वहिनीला म्हणायचा, "तिला विचार, दूध उरलंय का." आत्या तिथेच, हातभर अंतरावर बसलेली असायची. तीही वहिनीला म्हणायची, "त्याला सांग, उरलंय." वहिनी एकदा म्हणाली, "मी काय पोस्टमन आहे?" तिने निरोप पोचवायचं सोडलं, आणि मग दोन दिवस दोघांनी बिनदुधाचा चहा घेतला.

सहलीचा दिवस जवळ आला. मिरचीने आजोबांना विचारलं नाही, सरळ बॅग भरायला घेतली. तिला शिकवणारी माणसं घरात दोन झाली होती. दादाने बघितलं. तो बाहेर आला आणि पुढच्या खोलीच्या पायरीवर बसला. आत आत्या मशीनवर एका गिऱ्हाइकाच्या कोटाला अस्तर लावत होती.

"मला त्याची भीती नाही," दादा अचानक म्हणाला. कुणाला म्हणाला ते उघड होतं. वहिनी घरात नव्हती.

आत्याने मशीन थांबवली.

"तुम्हा सगळ्यांना वाटतं, मी घाबरतो. भीती नाही. राग आहे मला. आणि तो मरेपर्यंत राहणार."

"मग राहू दे की," आत्या म्हणाली. "मलाही आहे. मी तोंडावर सांगून आले."

दादाने पायरीवर पडलेला एक दोरा उचलून बोटाला गुंडाळला.

"तू नको जाऊस, दादा. मी तुला कधी चल म्हणणार नाही. पण पोरगी जाणार. आणि मी जाणार, वहिनी येईल तेव्हा तिला घेऊन. आणि आणखी एक." ती मशीनवरून उठून त्याच्या बाजूला, पायरीवर येऊन बसली. "तू मोठा होतास. तुला बाप आठवतो. माझ्याकडे त्याच्या नुसत्या टाचा आहेत. आईने समुद्र बंद केला, मी मान्य केलं. बाप का बंद केला? तो काही समुद्राचा नव्हता. आपला होता. माझा वाटा मला दे."

दादा आपल्या काळ्या नखांकडे बघत राहिला. गल्लीतून कुणीतरी सायकल ढकलत गेलं, तिची साखळी लोंबत होती, पण त्याने हाक मारली नाही.

"त्याला पोहता येत नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"येतच नव्हतं. अख्ख्या धक्क्यावर त्याची टिंगल चालायची. रोज सकाळी होडीत पाय टाकताना हात थरथरायचे त्याचे, मी बघितलंय. मी एकदा विचारलं, बाबा, भीती वाटते तर जाता कशाला? तर म्हणाला, भीती त्याच्या जागी, मी माझ्या जागी. आणि शीळ घालत जायचा. बेसूर. आई चिडायची."

"कुठली शीळ?"

"आता काय घालून दाखवू तुला? या वयात?"

"घाल," आत्या म्हणाली.

दादाने गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं. मग ओठांचा चंबू केला. पहिल्यांदा नुसती हवाच आली.